पोर्तुगालचा उत्तर भाग माणसांनी गच्च आणि दक्षिण ओस, असं का?

भटकभवानी
शनि, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त गेलं दीड वर्ष ब्रागात राहतेय, म्हणजे पोर्तुगालच्या पार उत्तरेला, मिन्यो म्हणतात त्या भागात. मागच्या महिन्यात सुट्ट्या जोडून आल्या तर आम्ही तिघी गाडी काढून खाली एव्होराला गेलो आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय.

इकडे ब्रागाच्या आसपास एक घर संपतं न संपतं तोच दुसरं. शेताचा तुकडा रुमालाएवढा, त्याला दगडी गडगा, गडग्याच्या कडेने उंच चढवलेले द्राक्षवेल, पलीकडचा तुकडा दुसऱ्याचा. गाव कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं काही कळत नाही. तेजो नदी ओलांडली की सगळं चित्रच पालटतं. बुचाची झाडं, खाली वाळलेलं गवत, मेंढरं, विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी आणि कितीतरी वेळ रस्त्यावर चिटपाखरू नाही. मधेच एखाद्या टेकाडावर एकच पांढरं घर. बुचाच्या झाडांच्या सोललेल्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगात एकेक आकडा, मला आधी वाटलं झाडं मोजलीत, मग कळलं की साल कुठल्या वर्षी काढली त्याचा शेवटचा अंक आहे, कारण पुन्हा नऊ वर्षांनीच काढता येते. प्रदेशाचं नाव आलेन्तेजो, म्हणजे सरळसरळ 'तेजोपल्याड'.

वाटलं, आता लोक शहरात गेले म्हणून ओस असेल. पण वाचायला बसले तर पाचशे वर्षांपूर्वीही हेच! राजा जुआंव तिसरा याने १५२७ ते १५३२ मध्ये सगळ्या राज्याची गणती करवली, त्यात उत्तर गच्च आणि दक्षिण रिकामी.

आणि आता मुख्य प्रश्न. मिन्योतली माणसं ब्राझीलला गेली, अटलांटिकमधल्या मदेइरा-अझोर्स बेटांवर गेली, आपल्याकडे गोव्या-वसईपर्यंत आली. सहा महिने जहाजात सडत, कितीतरी वाटेत मरत. पण आपल्याच देशात साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर एवढी जमीन पडली होती, तिकडे का नाही गेली?

--------

खवट
शनि, रात्री ११:०५

त्यात काय विचारायचं, तिकडे चारशे किमीवर पाणी कुठून आणणार? पावसाचे आकडे बघा, मिन्योत वर्षाला दीड हजार मिमीच्या आसपास, आलेन्तेजोत पाचशे-सहाशे. धागा संपला. झोपा.

--------

अलकामावशी
शनि, रात्री ११:२०

वाचतेय. गडग्यावर द्राक्षं हे काही डोळ्यांसमोर येईना, फोटो टाक ना गं.

--------

सांख्यिकी_सदू
रवि, सकाळी ७:४०

खवटराव, झोपू देत नाही तुम्हाला 😀

आधी आकडे मांडतो. त्या गणतीत माणसं नाही मोजली, 'फोगु' मोजले, म्हणजे शब्दशः आग, पेटती चूल. आपण नाही का म्हणत, दीडशे उंबऱ्यांचं गाव, तसं. सगळ्या राज्यात मिळून २ लाख ८० हजारांच्या आसपास उंबरे भरले. दोरो आणि मिन्यो नद्यांमधल्या प्रांतात साधारण ५५ हजार, आलेन्तेजोत साधारण ४९ हजार. वरवर पाहिलं तर फार फरक नाही वाटत, पण क्षेत्रफळ बघा. उत्तरेचा तो प्रांत सात हजार चौ.किमीच्या जरा वर आणि आलेन्तेजो त्याच्या साडेतीन पटींहून मोठा. म्हणजे उत्तरेत चौ.किमीला सात-आठ उंबरे आणि दक्षिणेत दोनसुद्धा धड नाहीत. चौपट फरक. खाली दक्षिण टोकाच्या अल्गार्व्हमध्ये तर जेमतेम ९ हजार.

आता एका उंबऱ्याला माणसं किती धरायची यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. चार धरा, साडेचार धरा, देशाची लोकसंख्या अकरा ते तेरा लाखांत येते. एवढ्याशा देशाने अर्ध्या जगावर आरमार नाचवलं!

--------

टपालपेटी
रवि, सकाळी ८:१५

उंबऱ्याला साडेचार? माझ्या आजोळी एका चुलीवर १४ पानं वाढली जायची. राजाचा कारकून आला असता तर आम्हाला एकच धरून गेला असता आणि शेजारच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या काकूंना पण एकच.

--------

सांख्यिकी_सदू
रवि, सकाळी ८:३०

@टपालपेटी, अगदी हेच. विधवेचं घर एक उंबरा आणि भरलेलं घरही एकच. शिवाय पाद्री, मठ, नोकरचाकर यांचा हिशोब कुठे कसा लावला ते प्रत्येक गावी वेगळं. म्हणून एकूण लोकसंख्येवर पैज लावू नये, पण प्रांताप्रांतातला फरक इतका मोठा आहे की या चुकांनी तो पुसला जात नाही.

--------

शेतकीवाला
रवि, सकाळी ९:५०

मला तर हे उघड वाटतं. मका! कोलंबसानंतर अमेरिकेतून मका आला आणि या ओल्या उत्तरेत तो असा काही रुजला की एका एकरात आधीपेक्षा कितीतरी जास्त पोटं भरू लागली. मावशी, ते गडग्यावरच्या द्राक्षांचं कारणही हेच आहे, वेल कडेच्या झाडांवर किंवा उंच मांडवावर चढवायचे म्हणजे खालची जमीन मक्याला मोकळी. त्याच शेतात मक्यात घेवडा, भोपळा. जनावरांना वैरण, जनावरांचं शेण परत शेतात. त्यांची ती खांबांवर उभी दगडी कणगी असते ना, उंदीर चढू नये म्हणून खांबांच्या डोक्यावर चपटे गोल दगड ठेवलेले, ती मक्याच्या कणसांसाठीच. दक्षिणेत उन्हाळा कोरडा ठाक, मका ऐन वाढीच्या वेळी पाणी मागतो, तिथे कुठून येणार. म्हणून तिकडे गहू, मेंढरं आणि बूच.

--------

भटकभवानी
रवि, सकाळी १०:३०

@शेतकीवाला, ती कणगी बघितलीय मी! सोअझू नावाच्या गावात एकाच मोठ्या कातळावर बावीस-चोवीस एकत्र उभी आहेत, वर क्रूस. लांबून मला चक्क थडगी वाटली होती. आणि मक्याचा पाव मिळतो इथे, राय मिसळलेला, बाहेरून विटेसारखा कडक. आमच्या घरमालकीणबाई तो हिरव्या पाल्याच्या सूपबरोबर देतात.

--------

सांख्यिकी_सदू
रवि, दुपारी १२:१०

शेतकीशेठ, सगळं बरोबर, फक्त गाडी घोड्याच्या पुढे जुंपलीत. गणती १५२७ ची. मका त्या वेळी नुकता कुठे येत होता, उत्तरेत खऱ्या अर्थाने पसरला तो पुढच्या शंभरेक वर्षांत. मग मका यायच्या आधीच चौपट दाटी कशी? मक्याने दाटी टिकवली, वाढवली म्हणा हवं तर. निर्माण नाही केली.

--------

शेतकीवाला
रवि, दुपारी १२:२५

हं. मुद्दा आहे. जेवून येतो.

--------

बारा_गावचं_पाणी
रवि, दुपारी ३:४०

याचं उत्तर नकाशात आहे, पण पावसाच्या नाही, लढायांच्या. तारखा बघा. पोर्तो ख्रिश्चन राजांच्या हातात आलं ८६८ मध्ये. कोइंब्रा १०६४. लिस्बन ११४७, तेही जेरुसलेमकडे निघालेल्या क्रुसेडरांची मदत घेऊन. एव्होरा ११६५. अल्गार्व्ह पूर्ण १२४९. म्हणजे उत्तर आणि दक्षिण यांच्यात तीन-चार शतकांचं अंतर पडलं. उत्तरेत शेतकरी कुटुंबं हळूहळू पसरत, रान तोडत, दगड वेचून गडगे घालत वस्ती करत गेली. दक्षिण मात्र तलवारीने घेतली आणि ज्यांनी घेतली त्यांना वाटली. सांतियागो आणि आव्हिस या लढवय्या धर्मसंघटनांना एवढाले प्रदेश मिळाले की एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसू नये. शिवाय सरदार, मठ. त्यांना जमिनीत माणूस नको होता, मेंढरू पुरेसं होतं.

भटकभवानी, तुम्हाला टेकाडावर एकटं पांढरं घर दिसलं ना, त्याला तिकडे 'मोंत' म्हणतात, म्हणजे डोंगर. त्या मोठ्या जमिनीचा कारभार तिथून चालायचा. बाकी माणसं लांबलांबच्या मोठ्या गावांत राहायची, एव्होरा, बेजा, एल्व्हस, आणि तिथून मजुरीला यायची. उत्तरेत विखुरलेल्या वाड्या आणि दक्षिणेत मोजकी मोठी गावं, हा फरक आजही गाडीतून दिसतो.

--------

खवट
रवि, दुपारी ३:५५

म्हणजे मुसलमान हाकलले म्हणून ओस पडलं, सरळ म्हणा की.

--------

बारा_गावचं_पाणी
रवि, दुपारी ४:१०

नाही हो, इतकं सरळ नाही. युद्धात पळापळ झाली, पण बरेच मुसलमान जिंकलेल्या गावांत राहिले, गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीला मोरारिया म्हणत, लिस्बनमध्ये त्या नावाचा मोहल्ला अजून आहे. १४९६ साली ज्यू आणि मुसलमान दोघांनाही देश सोडायचा हुकूम निघाला खरा, पण तोपर्यंत आलेन्तेजो विरळ होऊन शतकं लोटली होती. उलट राजालाच रिकाम्या जमिनीची काळजी. १३४८ च्या प्लेगनंतर शेतं पडीक पडली तेव्हा फर्नांदो राजाने १३७५ मध्ये कायदा केला की जो जमीन पडीक ठेवेल त्याच्याकडून काढून कसणाऱ्याला द्या आणि उनाडांना धरून शेतावर लावा. कागदावर छान. ज्यांच्या जमिनी काढायच्या तेच दरबारात बसलेले, मग काय होणार.

--------

टपालपेटी
रवि, दुपारी ४:१२

कूळकायदा व्हर्जन १.०

--------

वसईवाला
रवि, संध्या. ६:३०

उशिरा आलो पण माझ्या गावाचा विषय निघाला म्हणून लिहितोच.

भटकभवानी विचारतायत उत्तरेतली माणसं का बाहेर पडली. बाराभाऊंनी दक्षिणेची जमीन कुणाकडे होती ते सांगितलं, पण उत्तरेतही जमीन शेतकऱ्याच्या मालकीची होती असं समजू नका. तिथे 'प्राझु' असायचा, मठाकडून किंवा जमीनदाराकडून घेतलेला पट्टा, बहुतेक तीन जीवांचा. म्हणजे नवरा, बायको आणि त्यांच्या मागे एक मूल असे तीन जीव संपेपर्यंत जमीन तुमची, दरवर्षी ठरलेला फाळा भरायचा, मग पुन्हा नवा करार. अशा पट्ट्याचे तुकडे सहसा पाडू देत नसत, तो एकाच मुलाच्या नावावर जायचा. पाच भाऊ असतील तर एकाला जमीन आणि चौघांना दार.

आता आमचं गाव. १५३४ मध्ये बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यांनी इथली गावंच्या गावं आपल्या लोकांना दिली ती याच पद्धतीने, काही जीवांच्या पट्ट्याने! घेणारे बहुतेक 'कझादो', म्हणजे लग्न करून इथेच स्थायिक झालेले पोर्तुगीज. भरायच्या रकमेला 'फोरु'. मुंबईतल्या फोरास रोडचं नाव त्यावरूनच पडलंय म्हणतात. गंमत बघा, मायदेशी ज्या पट्ट्याने पोराला घराबाहेर काढलं तोच पट्टा त्याला इथे येऊन जमीनदार करून गेला. म्हणजे आमच्या आजे-पणज्यांच्या डोक्यावर. १७३९ ला चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला तेव्हा ते जमीनदार गेले. आडनावं राहिली.

--------

गोंयकार
रवि, संध्या. ७:०५

वसईवाले, फोरास बद्दल दुसरंही सांगतात मरे. पोर्तुगीज 'फोरा' म्हणजे बाहेर, बाहेरची जमीन म्हणून फोरास. दोन्ही बाजूंनी भांडणारे आहेत.

बाकी आमच्याकडे कुणी आलं की पहिल्यांदा विचारतात तुम्ही पोर्तुगीजांचे वंशज का. अरे बाबा, आडनाव बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालं, पाद्रीचं नाहीतर धर्मपित्याचं. ब्रागांझा आडनाव असलं म्हणून आजोबा ब्रागांसाहून आले असं नाही. ब्रागांसा उत्तरेच्या डोंगरात आहे, मी गेलो होतो, भर जूनमध्ये स्वेटर घालायला लागला.

--------

खवट
रवि, संध्या. ७:२०

चला, धागा पोर्तुगालहून वसईला आला. आता कोकणात येईल, मग मनीऑर्डर, मग आंबे, मग लाल मातीवर कविता.

--------

अलकामावशी
रवि, रात्री ९:००

खवट, तुम्ही गप्प बसा पाहू. मला एक विचारायचंय. पुरुष ब्राझीलला गेले, गोव्याला आले. मग बायांचं काय झालं? त्या तर जहाजात नव्हत्या.

--------

बारा_गावचं_पाणी
रवि, रात्री ९:४५

मावशी, या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच.

थोड्या जहाजातही होत्या. राजाच्या खर्चाने अनाथ मुली गोव्याला पाठवायचे आणि त्यांच्याशी लग्न करणाऱ्याला हुंड्यात सरकारी हुद्दा. पण मूठभर. मुख्य म्हणजे पुरुषच गेले, आणि त्याचा ठसा उत्तरेच्या चर्चमधल्या नोंदींत सापडतो. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये लग्नांची आणि बाप्तिस्म्यांची वही ठेवणं बंधनकारक केलं, त्या वह्यांवरून अभ्यासकांनी घराणी जुळवली. मिन्योत मुलींची लग्नं पंचविशी ओलांडून, आणि बऱ्याच जणी शेवटपर्यंत बिनलग्नाच्या. दक्षिणेत लग्नं लवकर. उत्तरेत शेत नांगरणाऱ्या, गाडी हाकणाऱ्या, खंड भरणाऱ्या बायकाच. अनौरस मुलांचं प्रमाणही तिथे जास्त.

पुढे १७८३ मध्ये तर सरकारने हुकूम काढला की प्रत्येक नगरात 'चाक' हवं. भिंतीत बसवलेलं लाकडी पिंप, बाहेरून बाळ आत ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटी वाजवायची आणि निघून जायचं. आतल्या बाईला बाळ दिसतं, आई दिसत नाही.

--------

अलकामावशी
रवि, रात्री १०:०२

बाई गं.

--------

निशाचर७७
सोम, रात्री १:३०

लिस्बनला कुणी हातच लावला नाही? सदूंच्या त्या गणतीत लिस्बन १३ हजार उंबऱ्यांचं, दुसऱ्या नंबरचं पोर्तो ३ हजारांचं, एव्होरा त्याहून किंचित कमी. पहिल्या आणि दुसऱ्यात चौपटीहून जास्त फरक. १५५१ च्या एका मोजणीत शहरात १ लाख माणसं आणि त्यातली जवळपास १० हजार गुलाम. म्हणजे दहातला एक. गुलामांचा मोठा भाग आफ्रिकेतून आणलेला. तर जे मनुष्यबळ दक्षिणेला हवं होतं ते मिन्योहून न येता काही अंशी साखळदंडातून आलं हेही ध्यानात घ्या, लिस्बन, आलेन्तेजो, अल्गार्व्ह तिन्हीकडे गुलाम होते.

आणि शहर म्हणजे माणसं खाणारी भट्टी. साथी यायच्या, धान्य अझोर्सहून नाहीतर थेट उत्तर युरोपातून जहाजाने यायचं, खेड्यातून लोंढे येत राहिले म्हणूनच आकडा टिकला. अठराव्या शतकात तर पाणी विकणारे सीमेपलीकडच्या गॅलिसियातून यायचे, खांद्यावर पिंप घेऊन हाळी देत. 'गालेगु' म्हणजे हमाल असा अर्थच होऊन बसला. १ नोव्हेंबर १७५५ चा भूकंप सगळ्यांना माहीत आहे, पण त्यानंतर सरकारने गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नावली पाठवली, उंबरे किती, माणसं किती, नदी कुठली, पडझड किती. १७५८ ची ती उत्तरं आजही वाचता येतात.

--------

सांख्यिकी_सदू
सोम, सकाळी ८:२०

@निशाचर७७ मस्त. सरकारचं उत्तरेवर लक्ष कसं होतं त्याचंही एक. ब्राझीलमध्ये सोनं सापडल्यावर मिन्योतून एवढी माणसं पळाली की १७२० मध्ये राजाने कायदा करून परवान्याशिवाय जायला बंदी घातली, आणि कायद्यातच लिहिलं की मिन्यो सगळ्यात दाट वस्तीचा प्रांत, तिथेच आता शेत कसायला माणूस उरला नाही. हे लिहिणारा राजा जुआंव पाचवा, त्याच सोन्यातून महाल बांधणारा.

--------

गोंयकार
सोम, सकाळी ९:१०

हे रडगाणं त्याहून जुनं. सा दि मिरांडा म्हणून सोळाव्या शतकातला कवी होता, दरबार सोडून मिन्योतच जाऊन राहिला, भटकभवानींच्या ब्रागापासून जवळच. त्याने लिहून ठेवलंय की मला कॅस्टिलची (शेजारच्या स्पेनची) भीती नाही, भीती लिस्बनची वाटते, या दालचिनीच्या वासापायी आपलं राज्य ओस पडतंय. आमची दालचिनी, सिलोनची म्हणा.

--------

शेतकीवाला
सोम, दुपारी १:१५

जेवून आलो 😛

मूळ प्रश्न राहिलाच की. दक्षिणेला का नाही गेले? उत्तर असं की जात होते! फक्त राहात नव्हते. दरवर्षी गव्हाच्या कापणीला बेइराच्या डोंगरातून, म्हणजे मधल्या प्रांतातून, टोळ्याच्या टोळ्या आलेन्तेजोत उतरायच्या. त्यांना 'रातिन्यु' म्हणत, म्हणजे पिटुकले उंदीर. तेव्हाच्या नाटकांत गावंढळ पात्र म्हणून यांची टिंगल. विळे घेऊन आले, कापणी केली, मजुरी कनवटीला लावली, परत डोंगरात. गहू कापायला वर्षात काही आठवडेच खंडीभर माणसं लागतात, उरलेलं वर्ष मालकाला ती पोसायची नव्हती. जमीन रिकामी होती म्हणजे मोकळी होती असं नाही. नदीकाठच्या सखल भागात हिवताप होता तो वेगळाच.

--------

खवट
सोम, दुपारी १:४०

मी मागे घेतो पावसाचं. निम्मं.

--------

भटकभवानी
सोम, रात्री ११:१५

सगळ्यांना खूप धन्यवाद, मी एवढी अपेक्षाच केली नव्हती. शेतकीवाल्यांचं "रिकामी म्हणजे मोकळी नाही" वाचल्यावर एक गोष्ट आठवली. एव्होराच्या वाटेवर आम्ही एका बुचाच्या झाडाखाली डबा खायला बसायचं ठरवलं. आसपास कुठे माणूस नाही, घर नाही. पण रस्त्याच्या कडेने दोन्हीकडे तारेचं कुंपण, जिथे बघावं तिथे. चांगले सात-आठ किलोमीटर गाडी चालवली, आत शिरायला एक फट सापडली नाही. शेवटी पेट्रोल पंपावर उभ्या उभ्या खाल्लं. इकडे मिन्योत गडगे कमरेएवढे, म्हातारे लोक सरळ टांग टाकून पलीकडच्याच्या शेतातून जातात आणि जाताना भाजीची चौकशी करतात.

घरमालकीणबाईंना आज विचारलं, तुमच्याकडचं कोण कोण बाहेर गेलं. बोटं मोजायला लागल्या. आजोबांचे दोन भाऊ ब्राझीलला, मग वडील फ्रान्सला, बहीण लक्झेंबर्गला, मुलगा स्वित्झर्लंडला. मी म्हटलं आणि आलेन्तेजोला कुणी? त्या हसायलाच लागल्या, म्हणाल्या तिकडे काय करायला जायचं?

मावशी, द्राक्षांचे फोटो उद्या टाकते, फोन चार्जिंगला लावलाय.

--------

अलकामावशी
सोम, रात्री ११:३०

आणि त्या विटेसारख्या पावाची कृती पण विचार बाईंना. मक्याचं पीठ आहे घरात, राय मिळत नाही, नाचणी चालेल का ते विचार.